कानवाल्या दकतूरा

मला आयुष्यात पहिल्यांदा ज्या बाईंनी 'भाविक' म्हटलं, त्या इजिप्तच्या होत्या, आणि त्या वेळी मी फ्रिजएवढ्या एका खोलीत हेडफोन लावून बसलो होतो.

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या प्लांटमध्ये आवाजाच्या जागी काम करणाऱ्या प्रत्येकाचे कान वर्षातून एकदा तपासले जात. जाड दाराची बंद खोली, समोर काच, हातात एक बटण. बारीक पीप ऐकू आली की बटण दाबायचं. नाशिकच्या शाळेत उत्तर येवो न येवो, पहिला हात माझा वर असायचा. त्याच बाण्यानं मी बटण दाबत सुटलो. मला पीप ऐकू येत होत्या. जवळून येत होत्या, लांबून येत होत्या, एकदा तर दोन एकदम आल्या. काचेपलीकडच्या बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. ते कौतुक असणार असं मी धरून चाललो. शेवटी त्यांनी दार उघडलं.

"बाशमुहंदिस," त्या म्हणाल्या. इजिप्तची माणसं इंजिनिअरला मानानं अशी हाक मारतात. "तुम्ही फार भाविक आहात."

"थँक यू, मॅडम."

"मशीन मी अजून चालू केलेलं नाही."

घरी हे सांगितलं तर मंजू, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "घरात मी ओरडते ते ऐकू येत नाही, आणि तिकडे नसलेलं ऐकू येतं. बरोबर आहे."

त्या बाई म्हणजे डॉक्टर नादिया. सगळा प्लांट त्यांना अरबीतलं 'दकतूरा' म्हणे, आणि कँपातली आपली माणसं 'कानवाल्या मॅडम'. ठेंगण्या, रुंद, हिजाबावर चष्मा चढवलेला, आणि कोटाच्या खिशात कायम सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया. त्या दातांनी फोडता फोडता त्या माणसाचं निदान करत. इंग्रजी डॉक्टरचं, हिंदी पेशंटांकडून उचललेलं, आणि रागावल्या की शुद्ध कैरोचं अरबी. त्यांची मुख्य खोड म्हणजे त्या हळू बोलत. माणूस जितका महत्त्वाचा, तितका आवाज आणखी खाली. समोरचा पुढे झुके, मान वाकडी करी, खुर्चीच्या टोकावर येई. मग त्या म्हणत, "बघा. ऐकायचं असलं की माणूस आपोआप वाकतो."

कुणी "काय? काय?" म्हणालं तर त्या पुन्हा सांगत नसत. कुणाच्या कानात इअरफोन दिसला तर परवानगी न विचारता वायर ओढून काढत. आमच्या एका पाहुण्या जर्मन तज्ज्ञाचीही काढली होती. "कान हा एकच नोकर असा आहे, जो तुम्ही झोपलात तरी ड्युटी सोडत नाही. आणि त्याची बदली मिळत नाही," हे वाक्य तर प्लांटमधल्या झाडून सगळ्यांना पाठ होतं.

त्यांच्या टेबलावर पिवळट दगडाची एक पाटी होती, हाताच्या पंजाएवढी. तिच्यावर ओळीनं कान कोरलेले. नुसते कान. खाली एक माणूस गुडघे टेकून हात वर करून बसलेला. लक्सरच्या बाजारात मिळते तसली नक्कल, पण दकतूरा ती कागदांवर वजन म्हणून ठेवत, कारण सौदीत कोरीव माणूस टेबलावर दिसला तर उगाच कुणी चौकशी करायला नको.

मी एकदा ती उचलून पाहिली आणि मला एकदम सगळं समजलं. मला बऱ्याच गोष्टी अशा एकदम समजतात.

"अहो, हे आमच्याकडेही आहे," मी म्हणालो. "याला नवस म्हणतात. माझ्या आजोळच्या देवीच्या देवळात भिंतीला चांदीचे डोळे टांगलेले आहेत, हात आहेत, पाय आहेत. ज्याचा जो अवयव दुखतो, तो बरा झाला की चांदीचा करून वाहायचा. म्हणजे तुमच्या या लोकांचे कान दुखत होते."

पुढची बरीच मिनिटं मी एका इजिप्शियन बाईंना प्राचीन इजिप्त समजावून सांगितला. वाळवंटातली वाळू कानात जाते, मग कान फुटतो, मग देवाला नवस, अशी माझी सगळी साखळी तयार होती. दकतूरा बिया फोडत शांतपणे ऐकत राहिल्या. संपल्यावर त्यांनी पुडी माझ्यापुढे सरकवली. "घ्या. बोलून दमलात."

त्यांच्या गप्पांतून पुढे कळलं, की लक्सरच्या पश्चिम काठावर त्यांचं गाव. राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांची तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती तिथे सापडली, आणि ती उकरणाऱ्यांत त्यांचे आजोबा होते. "ते लोक म्हणजे तुम्हीच," त्या म्हणायच्या. "कंपनीचा कँप. कंपनीचं धान्य. कंपनीचं पाणी, गाढवावरून. विंचू चावला म्हणून रजा, बिअर गाळायची आहे म्हणून रजा. मोठ्या देवळात त्यांना आत सोडत नसत, तिथे फक्त बड्यांनी जायचं. मग ह्यांनी आपले देव आपल्या घराच्या कोनाड्यात बसवले, आपल्या हातानं कोरून."

हे ऐकून मला आमचं घर आठवलं. आमचा गणपतीही तेव्हा स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे राहत होता.

ती वर्षं सौदीकरणाची. किती सौदी माणसं नेमली त्यावरून कंपनी सरकारी हिशेबात हिरव्यात आहे की पिवळ्यात घसरली, याची चर्चा आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखी करायचो. परदेशी माणसाची जागा मोकळी झाली की तिथे सौदी माणूस बसवायचा. त्यात काही चूक होतं असं नाही, देश त्यांचा. पण जागा मोकळी होण्याची वाट न बघता ती मोकळी करण्याकडेही काही साहेबांचा कल होता. दकतूरांची जागा यादीत आली. ईदनंतर करार संपणार, आणि तोवर त्यांनी रीम नावाच्या एका तरुण सौदी डॉक्टरणीला तयार करायचं. रीम दम्मामहून यायची, लांब नखं, हातात फोन, आणि दकतूरांशी बोलताना नजर फोनवर. पहिल्या दिवशी दकतूरांनी फोन काढून घेतला नाही. त्या फक्त इतक्या हळू बोलायला लागल्या की रीमनं आपण होऊन फोन पालथा ठेवला.

खरी अडचण होती कॉम्प्रेसर हाऊसची. मोठ्या कॉम्प्रेसरवर आवाज कोंडणारं पत्र्याचं झाकण असतं, आत जाड अस्तर असलेलं. एका दुरुस्तीच्या वेळी ते काढलं, आणि पुन्हा बसवलंच नाही. झाकण नसलं की मेकॅनिकला हात घालायला सोपं, म्हणून कुणालाच घाई नव्हती. पत्रे मागच्या यार्डात पडले होते आणि त्यांत मांजरांनी संसार थाटला होता. प्लॅनिंगमध्ये मी होतो. त्या कामापुढे 'पुढच्या शटडाउनला' असं लिहायची मला इतकी सवय झाली होती की बोटं आपोआप लिहीत.

त्या कॉम्प्रेसरशेजारी श्रीवर्धनचे हमीदभाई कित्येक वर्षं उभे होते. गेल्या तपासणीत त्यांचे कान काठावर निघाले. पुढची तपासणी ईदनंतर, म्हणजे दकतूरांच्या शेवटच्या आठवड्यात. तीत नापास म्हणजे 'मेडिकली अनफिट', म्हणजे इकामा, राहण्याचा परवाना, रद्द आणि कायमचं घर. त्यांच्यासारखे आणखी काही जण होतेच.

"साहेब, माज्या कानात रातकिडा बसलाय," हमीदभाई मला सांगत. "गावी गेलो तरी वरडतो. बायको काय बोलते ते कळाया मी तिच्या तोंडाकडं बगत ऱ्हातो, तर ती बोलते, म्हातारपनी लाज नाय वाटत काय."

मग एक दिवस जरा अडखळत, "तुमचा मॅडमशी बोलना हाय. त्यांना बोला ना, माज्या वक्ताला जरा मोठ्यानं वाजवा."

मी निरोप पोचवला. दकतूरांनी बिया खाणं थांबवलं, ही त्यांच्या बाबतीत मोठी गोष्ट.

"मोठ्यानं वाजवलं तर नोकरी राहील आणि उरलेला कान तिथेच जाईल," त्या म्हणाल्या. "मला दोन्ही ठेवायची आहेत. मी जाण्याआधी. झाकण परत बसलं पाहिजे, आणि ज्याचे कान ह्या प्लांटनं खाल्ले त्याला प्लांटनंच शांत जागी बसवलं पाहिजे. रिपोर्ट मी दरवर्षी पाठवते, बाशमुहंदिस. कुणी ऐकत नाही."

इथे माझी प्रतिभा जागी झाली. तेवढ्यात सेफ्टी वीक येत होता. प्रत्येक खात्यानं काहीतरी प्रदर्शन मांडायचं. मी म्हटलं, नवस करू. ज्यांचे कान बिघडलेत त्यांचे कान प्लास्टरमध्ये काढू, पाटीवर लावू, साहेबांना पाझर फुटेल. दकतूरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "करा," त्या म्हणाल्या.

दातांच्या डॉक्टरकडून माप घ्यायची पेस्ट मागून आणली. कॉम्प्रेसर हाऊसची सगळी पाळी रांगेत उभी राहिली. मी एकाच्या केसांसकट माप काढलं, ते सोडवताना त्यानं मल्याळममध्ये जे ऐकवलं ते समजायला भाषा लागत नव्हती. पण पाटी झकास झाली. निळ्या पाटीवर पांढरे कान, प्रत्येकाखाली नाव. हमीदभाई मधोमध.

प्लांट मॅनेजर अबू फैसल आले. ऑपरेटर म्हणून लागून वर चढलेला, भारदस्त, हसरा माणूस. हसतच कुठल्याही गोष्टीवर 'इन्शाअल्ला' म्हणून पुढे जायचा. ते पाटीसमोर थांबले. मी श्वास रोखला. "माशाअल्ला," ते म्हणाले, "फार स्वच्छ काम." आणि आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं कँटीनच्या 'हात धुवा'ला. मला थर्मास देऊन फोटो काढला. कानांचं कुणी काही विचारलं नाही. हमीदभाई मात्र खूश. "फोटोत माजा कान येकदम बेस आलाय," म्हणाले.

थर्मास घेऊन मी क्लिनिकमध्ये गेलो. रीम हसू दाबत होती. दकतूरांनी टेबलावरची पाटी माझ्या हातात दिली.

"हे कुणाचे कान आहेत?"

"आजारी माणसांचे."

"देवाचे," दकतूरा म्हणाल्या. "कारागिराचे कान उत्तम होते. तक्रार अशी होती की देवाला ऐकू जात नाही. म्हणून त्यानं देवाचेच कान कोरले आणि त्यांच्यासमोर बसून बोलला. एक जोडी कोरली. तेवढ्यानं भागणार नाही वाटलं तर सगळी पाटी भरून कोरली. म्हणजे एका कानावर देव झोपला असेल तरी बाकीचे उघडे."

मला एकदम शंकराच्या देवळातला नंदी आठवला. लहानपणी त्याच्या कानाशी लागून गणितात पास कर म्हणून सांगायचो. माझा कान नव्हे, त्याचा. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी चांदीच्या डोळ्यांच्या मागे लागलो होतो.

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगत होतात."

दुसऱ्या दिवशी सगळ्या साहेबलोकांना निरोप गेला, की क्लिनिकतर्फे प्रत्येकाच्या मापाचे खास इअरप्लग तयार होत आहेत, फक्त वरिष्ठांसाठी, कानाचं माप देण्यासाठी कृपया यावं. दरवर्षीच्या रिपोर्टला उत्तर न देणारी माणसं वेळ मागून घेऊ लागली. एचआरच्या साहेबांना मरून रंग हवा होता. फायनान्सवाले केस कापून आले. अबू फैसल तर रांगेत उभे राहिले, आणि रीमनं त्यांचे दोन्ही कान असे निगुतीनं काढले की पाळीवरची जुनी खाचसुद्धा उतरली. प्लग दकतूरांनी खरोखर करून दिले. लबाडी त्यांना चालत नसे. मापं मात्र त्यांनी ठेवून घेतली.

रोज दुपारी दोघी बायका क्लिनिकचं दार लावून प्लास्टर ओतत. रीमनं त्यासाठी नखं कापली होती.

महिन्याच्या मीटिंगच्या दिवशी सकाळी ही नवी पाटी कॉन्फरन्स रूममध्ये टांगायचं काम माझ्याकडे आलं. अबू फैसलांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. मी ड्रिल लावलं, भोक पाडलं, आणि भिंतीतली वीजवाहिनीही बंद पाडली. दिवे गेले, प्रोजेक्टर गेला, एसी थांबला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, दुपारपर्यंत खलास." बाकीची खिळ्याची कामं त्यानं माझ्या हातातून काढून घेऊन स्वतः केली.

मीटिंग पुढे ढकलता येत नव्हती. खिडक्या उघडल्या. साहेब मंडळी घाम पुशीत येऊन बसली. आणि त्या खोलीत एसीची घरघर नसल्यानं पहिल्यांदाच लांबच्या कॉम्प्रेसरचा आवाज आत आला. सलग, जाड, न थांबणारा. एवढ्या अंतरावरून टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं.

"हा कसला आवाज?" फायनान्सवाल्यांनी विचारलं. सात वर्षं ते तिथे नोकरीला होते.

अबू फैसलांचं लक्ष पाटीकडे गेलं. वाळूच्या रंगाचं प्लास्टर, वरपासून खालपर्यंत जोडीजोडीनं कान, आणि खाली अरबीत दोन ओळी. "हे पुन्हा कामगारांचे कान?"

"नाही सर," रीम म्हणाली. "तुमचे. दुसरी ओळ, उजवीकडून तिसरे. खाच आहे बघा."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. एकेक साहेब उठला आणि पाटीसमोर जाऊन स्वतःचे कान शोधू लागला. "हा माझा." "नाही, तो माझा, मी ओळखतो." एचआरच्या साहेबांचे कान सुपासारखे निघाले होते आणि ते मानायलाच तयार नव्हते, शेजारच्यानं त्यांचं डोकं धरून पाटीशी ताडून दाखवलं. अबू फैसलांनी आपल्या प्लास्टरच्या कानावरून बोट फिरवलं, खालच्या ओळी वाचल्या. *झाकण परत बसवा. ज्याचे कान इथे गेले, त्याला घरी पाठवू नका. शांत जागी बसवा.*

ते वळले. हसत नव्हते. "दकतूरा, हे काय? इजिप्तमध्ये हे देवांसाठी करत, एवढं मलाही माहीत आहे. तुम्ही आम्हाला देव केलंत?"

खोली गार पडली, एसीशिवाय. माझ्या मनात माझं विमानाचं तिकीट छापून तयार झालं.

दकतूरा आपल्या नेहमीच्या, शेवटच्या पायरीच्या आवाजात बोलल्या. सगळे झुकले. अबू फैसलही झुकले.

"अस्तगफिरुल्ला. अल्लाह सगळं ऐकतो, त्याला माझ्या प्लास्टरची गरज नाही. ऐकत नाही ते तुम्ही. म्हणून तुमचे कान लावलेत."

कॉम्प्रेसर तेवढा बोलत होता.

"शेवटची तपासणी कधी केलीत स्वतःची?" दकतूरांनी विचारलं.

अबू फैसल पाटीपासून बाजूला झाले आणि भर मीटिंगमधून त्यांच्यामागून क्लिनिककडे चालू लागले. आम्ही तिथेच थांबलो. त्या फ्रिजएवढ्या खोलीत त्यांना काय ऐकू आलं आणि काय नाही, हे दकतूरांनी कधीही सांगितलं नाही. तरुणपणी ते त्याच कॉम्प्रेसर हाऊसमध्ये, त्याच यंत्राशेजारी पाळ्या करून वर आले होते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. परत आले तेव्हा ते उभ्यानंच बोलले.

"पत्रे कुठे आहेत?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यार्डात, सर. पुढच्या शटडाउनला..."

"या शटडाउनला. ईदच्या आधी."

"सर, त्यांत मांजरं आहेत."

"मांजरांची बदली करा," अबू फैसल म्हणाले. "आणि खालची ओळ एचआरनं लिहून घ्यावी. ज्याचे कान आपल्याकडे गेले, तो अनफिट नाही. यल्ला."

एचआरच्या साहेबांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा एक हात कानावर होता.

झाकण बसलं. मला स्वतः उभं राहून बसवून घ्यावं लागलं, कारण माझ्यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. हमीदभाईंची तपासणी ठरल्या दिवशी झाली, पीप कुणीही मोठ्यानं वाजवली नाही, आणि निकाल खराबच आला. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, खिडकीपाशी. रातकिडा अजून ओरडतो म्हणाले, पण आता कधी कधी दम खातो.

अबू फैसलांनी दकतूरांना आणखी वर्षभर ठेवून घेण्यासाठी वर बोलतो असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कशाला? रीम माझ्यापेक्षा बरी आहे. मला साहेबांना हाताळायला प्लास्टर लागतं. तिला नुसतं बघितलं तरी पुरतं." रीमनं तेव्हा प्लांटच्या सगळ्या पंपांना भेटी देण्याचं वेळापत्रक लावलं होतं, आणि मेकॅनिक मंडळी ती येताना दिसली की घाईघाईनं प्लग शोधत.

मी दकतूरांना शेवटचं पाहिलं ते कॉम्प्रेसर हाऊसमध्ये, जायच्या आदल्या दिवशी दुपारी. हिजाबावर हेल्मेट, पायात कुणाचे तरी दोन मापं मोठे सेफ्टी शूज, फटक फटक करत त्या आत आल्या. यंत्र पूर्ण जोरात चालू होतं. त्यांनी झाकणाच्या पत्र्यावर हात ठेवला, कान लावला, जसा पोटुशीच्या पोटाला लावतात. मग आमच्याकडे वळल्या. हमीदभाई स्टोअरमधून मुद्दाम आले होते, रीम होती, पाळीवरची सगळी माणसं होती. दकतूरांनी डोळे मिटले आणि एक इजिप्शियन गाणं म्हणायला सुरुवात केली.

झाकण बसण्याआधी त्या घरात माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून कानात किंचाळत. तिथे दकतूरा साध्या आवाजात गायल्या, पूर्ण कडवं, आणि टोकाला उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते पोचलं. त्या अत्यंत बेसूर होत्या.

हमीदभाई हात कानामागे धरून पुढे वाकले होते. थोडा वेळ ऐकून ते माझ्याकडे वळले, चेहरा फुललेला. "साहेब," ते म्हणाले, "मॅडमला बिलकूल गाता येत नाय. आयकाया येतंय माला."

दकतूरा दुसरं कडवं सुरू करत होत्या.